डावऱ्या हाताची फिरकी आणि आपला वर्ग

ओहोटी लागली की आमच्या अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूत टेनिस बॉलचं क्रिकेट रंगतं. तिथे डावरा बोलर मिळाला की कॅप्टन खूश! तोच मुलगा सोमवारी वर्गात डाव्या हाताने लिहायला लागला, की घरचं किंवा शाळेतलं कुणीतरी म्हणतंच, “अरे, उजव्या हाताने लिही.” मला हे पटत नाही.

शिवाय सगळे डावरे एकाच साच्यातले नसतात. डावखुऱ्या फिरकीतच बघा ना.

नाशिकचे बापू नाडकर्णी. चेंडू फार वळवायचे नाहीत, पण टप्पा एकदम अचूक. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावात एकूण ३२ षटकं, २७ निर्धाव, फक्त ५ धावा. आणि विकेट? एकही नाही!

मुंबईचे पद्माकर शिवलकर. बोटांनी फिरकी देऊन चेंडू उंच सोडायचे. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज मोहाने पुढे यायचा आणि चेंडू बाहेर वळायचा. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ बळी घेतले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण काळ बिशनसिंग बेदींचा. कसोटी एकही मिळाली नाही.

कुलदीप यादव. हातही डावाच, पण फिरकी मनगटाची, म्हणून चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत येतो. लहानपणी तो वेगवान गोलंदाजी करायचा. प्रशिक्षकांनी त्याला फिरकीकडे वळवलं. २०१७ मध्ये धरमशालाला पहिल्याच कसोटी डावात त्याने ४ बळी घेतले.

मुलं विचारतात, “सर, यातला भारी कोण?” नुसता विकेटचा रकाना पाहिला, तर मद्रासचे नाडकर्णी नापास ठरतात. फक्त निवड पाहिली, तर शिवलकर. आपण निकालपत्रकात असंच करतो ना? सावकाश पण बिनचूक गणित सोडवणारी मुलगी आणि धाडसाने नवी रीत शोधताना चुकणारा मुलगा, दोघांना एकाच रकान्यात मोजतो.

शिक्षकांनो, पालकांनो, सुरुवात छोट्या गोष्टींपासून करू. डावऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. वही थोडी उजवीकडे तिरकी ठेवू द्या. हात बदलायला मात्र सांगू नका. त्या हातात काय आहे, ते आधी नीट बघूया.