सुधारणेच्या नावाने काढलेली पळवाट

पोलीस सुधारणेला उघड विरोध कोणतेच सरकार करीत नाही. तिच्याच नावाने कायदा करून ती निकालात काढणे अधिक सोयीचे असते. महाराष्ट्राने २०१४ साली हाच मार्ग पत्करला.

प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात आदेश दिले आणि राज्ये स्वतःचा कायदा करीपर्यंत ते लागू राहतील, असे सांगितले. ही मुभा सुधारणा पक्की करण्यासाठी होती. सत्ताधाऱ्यांनी तिच्यात सुटकेचे दार पाहिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हावार प्राधिकरण असावे, हा आदेश. महाराष्ट्राने ते महसुली विभागावर नेऊन ठेवले. प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी, हा आदेश. सरकारने कारणे नोंदवून ती फेटाळण्याचा अधिकार स्वतःकडे राखला. अधिकाऱ्याला दोन वर्षांची मुदत दिली, पण ‘लोकहित’ आणि ‘प्रशासकीय निकड’ या लवचिक शब्दांनी मुदतपूर्व बदलीची वाटही मोकळी ठेवली. हे काँग्रेस आघाडीच्या राजवटीत घडले. पुढच्या सरकारांनाही ही दारे बुजवावीशी वाटली नाहीत.

याचा अर्थ मीरा रोडच्या नया नगरात उमगतो. २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी पोलीस आयुक्तालय आले आणि दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार पोलिसांच्याच हाती गेले. २१ जानेवारी २०२४च्या रात्री तेथे हिंसाचार झाला. दोषींवर खटले चालणे रास्तच होते. पण दोनच दिवसांत पोलीस बंदोबस्तात महापालिकेचे बुलडोझर त्याच वस्तीतील दुकानांवर चालले. बांधकामे अनधिकृत होती, असा खुलासा झाला. मग ती नेमकी त्याच आठवड्यात कशी आठवली? महापालिकेवर तेव्हा प्रशासक होता. जाब विचारायला नगरसेवकही नव्हते. बुलडोझर चालवण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. नया नगरातील दुकाने त्यापूर्वीच पडली होती.

निवडून आलेल्या सरकारचेच पोलिसांवर नियंत्रण हवे, निवृत्त न्यायाधीशांचे कशाला, असा युक्तिवाद केला जातो. तो वरकरणी लोकशाहीवादी आहे. पण ज्याच्यावर पोलीस चालून जातात, त्या नागरिकाचा त्या नियंत्रणात वाटा किती? वॉशिंग्टन शहराच्या परिषदेने मान आवळण्यास बंदी घालणारा पोलीस सुधारणा कायदा केला. २०२३ साली अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो रद्द ठरवला; त्या सभागृहांत शहराचा मताधिकार असलेला एकही प्रतिनिधी नाही. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या नकाराधिकारामुळेच तो वाचला. भारतातील शहराला तर असा कायदा करण्याचा अधिकारच नाही.

रोजंदारी बुडवून विभागीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणे श्रमिकाला परवडत नाही. न्याय जितका दूर, तितका तो महाग. म्हणून जिल्हावार प्राधिकरण आणि बंधनकारक शिफारस या दोन मागण्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक वस्तीत नेल्या पाहिजेत. कायद्यातील पळवाट विधिमंडळातच बुजवावी लागेल, आणि विधिमंडळ रस्त्यावरच्या रेट्याखेरीज हलत नाही.