पुस्तक मिटल्यावर

पुस्तक वाचून झाले की आपण ते कपाटात ठेवतो. आम्हीही तेच करीत होतो. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) वाचले आणि ही सवय मोडली. फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून बेबीताईंनी ते लिहिले. वाचताना आमची आई आठवली. तिनेही पुष्कळ सोसले, पण आम्ही तिला कधी विचारले नाही. आता ती नाही.

त्या रात्री आम्ही हिशेबाच्या वहीत कोरे पान काढले. वर तारीख आणि पुस्तकाचे नाव घातले. गोष्ट उतरवली नाही. कोणत्या पानावर थांबलो आणि का, एवढेच लिहिले. आईविषयी मात्र सहाच ओळी झाल्या. पुढचे सांगणारे कोणी उरले नव्हते.

म्हणून विनंती आहे. घरात आजी असेल तर तिला पुस्तकातील दोन पाने वाचून दाखवा. “आमच्याकडं असं नव्हतं,” असे ती म्हणाली तर कसे होते ते विचारा आणि तिच्याच बोलीत लिहून घ्या. शुद्धलेखनाची भीती नको. चूक उद्या सुधारता येईल. माणूस गेल्यावर विचारता येत नाही.