धावेवर बैल नाहीत

चेन्नईच्या मैलापूरला मावशीकडे गेले की मी आधी भिंती बघते, ही माझी खोड तुम्हाला एव्हाना पाठ असेल. या खेपेला तिच्या ओसरीत नवी चौकट दिसली. शाईचं रेखाटन: ताडाची रांग, मोटेची विहीर आणि मागे आडवा पसरलेला उघडा खडक. कोपऱ्यात सही, सहीखाली १९६१. गावाचं नाव कुठेच नाही.

याचा मला मनापासून राग येतो. माणूस उन्हात बसून विहिरीचा दगडन् दगड काढतो आणि गावाच्या नावाची चार अक्षरं त्याला जड होतात! देवळाचं चित्र असतं तर नाव आलं असतं. ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकासाठी चित्रकार ‘शिल्पी’ यांनी देवळं काढली, त्यांची गावं वाचकांना कळली. मग शेत-विहिरीचं गाव कुणी सांगायचं?

इंग्रज चित्रकार डॅनियल काका-पुतणे १७९२-९३ मध्ये दक्षिणेत हिंडले. छापील चित्रांना त्यांनी ठिकाणांची नावं दिली, म्हणून दोनशे वर्षांनी अंतोनियो मार्तिनेल्ली त्याच जागा गाठून फोटो काढू शकला.

आमच्याकडे मात्र नुसते तर्क. मावसभाऊ म्हणाला, तिरुवण्णामलै. पण त्या डोंगराला शिखर आहे. शेजारचे मामा म्हणाले, सेंजी, म्हणजे आपली जिंजी. मग तटबंदी कुठे गेली?

शेवटी मावशीच्या सासूबाई चष्मा पुसत आल्या. तंजावरी मराठी घरातल्या, नव्वदीला टेकलेल्या. त्यांनी चित्र हातभर लांब धरलं. “यानैमलै. हत्ती बसलाय, दिसत नाही होय?” मदुरैजवळचा तो डोंगर. सासऱ्यांची बदली तिकडे झाली तेव्हा त्या नव्या सुनबाई होत्या. पायथ्याच्या नरसिंहाच्या लेण्यात दर शनिवारी जायच्या.

मग डोंगर राहिला बाजूला आणि त्या विहिरीत शिरल्या. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की मोट वर यायची, परतताना उलट्या पावलांनी चढायचे. पाटाच्या पाण्याला चामड्याचा वास असायचा. देवाच्या कळशीला ते चालत नसे, पण लेण्यातून येताना पाय त्यातच धुवायचे. सांगताना त्यांनी पाय खरोखरच पुढे केले. पहाटे मोटकऱ्याचा आवाज आला की उठायचं, घड्याळ एकट्या सासऱ्यांकडे.

मावशीने पेन्सिल आणली, चौकटीमागे नाव लिहून घेतलं. मी विचारलं, “आजी, धावेवर बैल का नाहीत मग?”

त्यांनी ताडांच्या बुंध्याशी गोळा झालेल्या सावल्यांवर बोट ठेवलं. “दुपार झालीय बघ. बैल सोडलेत.”