जोडीची ओढ

जोडीतील एक बैल पुढे ओढू लागला आणि दुसरा रेंगाळला, की जू तिरपे होते आणि पुढच्याच्या मानेवर सारा भार येतो. पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात हे शाळकरी पोरासही सांगावे लागत नाही. दोन सिलिंडरांच्या मोटारसायकलीचा न्याय याहून निराळा नाही.

अशी वाहने आपल्याकडे थोडीच आली. येझदीला दोन सायलेन्सर असत, त्यामुळे पुष्कळांची समजूत फसते. बहुतेक येझदींत सिलिंडर मात्र एकच. खरी जोडी होती ती राजदूत ३५० ची. जपानच्या यामाहाच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्‌स कंपनीने ती १९८३ साली बाजारात आणली. ३४७ घन सेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, आणि प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कार्बोरेटर. (या शब्दास कोशात प्रतिशब्द असेलही, मिस्त्री ज्यास कार्बोरेटर म्हणतो, त्यास आम्हीही तेच म्हणतो.) पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी तिला नावे ठेवली आणि दशक संपता संपता ती बंद झाली. आता गोठ्यात ताडपत्रीखाली पडलेल्या या गाड्या तरुण मंडळी हौसेने बाहेर काढीत आहेत. इकडे २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटरच गेला, तेव्हा जोडी जुळविणारे जुने हात कमी होत चालले आहेत.

आमच्या परिचयातील एका तरुण शिक्षकाने काकांची अशीच गाडी सौंसरहून छिंदवाड्यास नेली. सिल्लेवानीच्या घाटात तिने मान टाकली. गाडी थरथरे, एका सायलेन्सरातून दाट धूर, दुसऱ्यातून विरळ. कोणीतरी सल्ला दिला, "लहान जेट टाका, पेट्रोलही वाचेल." हा सल्ला जिवावर बेतणारा आहे, असे आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की सिलिंडर तापतो, पिस्टन फुगून अडकतो, आणि मागचे चाक धावत्या गाडीखाली जागच्या जागी थांबते. घाटाच्या वळणावर याचा अर्थ काय, ते सांगणे नलगे.

दुखणे जेटचे नव्हतेच. मुठीपासून निघणारी केबल पुढे फुटून दोन्ही कार्बोरेटरांकडे जाते. वर्षानुवर्षांच्या ताणाने एक फाटा सैल पडतो. मग मूठ पिळली की एका बाजूची स्लाईड आधी उचलते, दुसरी मागून. एक सिलिंडर राबतो, दुसऱ्याचा प्लग काजळीने भरतो.

जुळवणी घरच्या अंगणात होते. आधी दोन्ही बाजूंचे पॉइंट, प्लग आणि कार्बोरेटरमागचे रबर निर्दोष असल्याची खात्री करावी. त्यांत खोट असेल तर पुढचे सारे श्रम वाया. इंजिन थंड असताना हवेच्या गाळणीकडचा भाग काढावा, म्हणजे दोन्ही स्लाईड दिसतात. आयडलिंगचे स्क्रू ढिले करून स्लाईड पूर्ण खाली बसू द्याव्यात. मग दोन्ही हातांचे एकेक बोट दोन्ही स्लाईडांवर ठेवून दुसऱ्याकडून मूठ हळूहळू पिळून घ्यावी. दोन्ही बोटांस हालचाल एकाच क्षणी कळली पाहिजे. न कळल्यास कार्बोरेटरच्या डोक्यावरील नट सैल करून केबलचा ढिलेपणा सारखा करावा. डोळ्यापेक्षा बोट येथे अधिक विश्वासू. त्यानंतर एकाच जाडीचे दोन ड्रिल-बिट दोन्ही स्लाईडांखाली सरकवून आयडलिंगचे स्क्रू त्या उंचीला लावावेत, आणि बिट आठवणीने काढून घ्यावेत. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून पुस्तिकेत सांगितले तितकेच फेरे दोन्हीकडे मागे फिरवावा. जोर केला तर त्याचे टोक बिघडते.

एवढे करून पुष्कळ जण हात धुतात. पण तेलाच्या पंपाची केबलही याच मुठीस बांधलेली असते. कार्बोरेटरच्या केबली हलविल्या की पंपाची खूण पुन्हा जुळवावीच लागते. ती राहिली तर नव्याने जुळविलेल्या गाडीस तेल कमी पडून पिस्टन त्याच घाटात अडकेल. आमच्या मते साऱ्या कामातील ही पायरी सर्वांत महत्त्वाची.

मग गाडी मोकळ्या हवेत सुरू करून तापू द्यावी. दोन्ही सायलेन्सरांमागे, थोड्या अंतरावर, तळहात धरावा. झोत सारखे लागले पाहिजेत. हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवावे. इंजिनाचा वेग बदलला, तर केबल कोठेतरी ताणली जात आहे.

त्या शिक्षकांनी दोन रविवार खर्ची घातले. तिसऱ्या रविवारी सिल्लेवानीचा घाट चढून वर थांबले, इंजिन निवल्यावर दोन्ही प्लग काढून त्यांनी रुमालावर ठेवले. दोन्ही सारखेच तपकिरी होते.