शेवटचे घर नसलेला पट

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी हे वाटांचे गाव. येथून एक वाट कुर्डुवाडीला जाते, एक पंढरपूरला, एक अकलूजला. ऊस, केळी आणि डाळिंब यांच्या हंगामावर बाजारपेठेची नाडी चालते. त्यामुळे येथील व्यापारी घरांना वाट पाहण्याची सवय पिढ्यांची आहे. उजनी भरण्याची वाट, कारखान्याचे बिल निघण्याची वाट, दिवाळीच्या मालाची वाट. अलीकडे मात्र अशा घरांतील तेरा-चौदा वर्षांची मुले एका वेगळ्याच मालाची वाट पाहतात. येऊ घातलेल्या एखाद्या ऑनलाइन खेळाची. या मालाला बिल्टी नसते, वजन नसते, दुकानाच्या पायरीवर तो उतरत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांच्या लक्षात तो येतो तेव्हा बहुधा येऊन स्थिरावलेला असतो.

ही वाट किती लांब असू शकते याचे उदाहरण याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला घडले. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने २०२२ मध्ये ‘इंडस’ या खेळाची घोषणा केली. भारतीय कल्पनांच्या आधारे रचलेले भविष्यकाळाचे जग, ‘वीरलोक’ नावाची रणभूमी आणि ‘कॉस्मियम’ नावाचे दुर्मीळ द्रव्य, असा त्याचा थाट होता. जानेवारी २०२३ मध्ये गूगल प्लेवर पूर्वनोंदणी सुरू झाली. खेळ प्रत्यक्ष सर्वांच्या हाती आला तो १६ ऑक्टोबर २०२४ रोजी. या मधल्या काळात पूर्वनोंदणीचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. योगायोग असा की प्रकाशनाचा दिवस कोजागरीचा होता. त्या रात्री महाराष्ट्रात जागणाऱ्यांपैकी किती जण चंद्राकडे पाहत होते आणि किती जण पडद्याकडे, हे सांगणे कठीण.

पूर्वनोंदणी म्हणजे विसार न घेता केलेला सौदा. मुलाने एक बटण दाबायचे. पैसे काही द्यायचे नाहीत. खेळ आला की तसा निरोप मिळतो, आणि सोय चालू ठेवली असेल तर तो आपोआप फोनमध्ये उतरतो. आधी नाव नोंदवणाऱ्यांना खेळातील पोशाख वा नाणी भेट मिळतात. दरम्यान चित्रफिती येतात, निवडक लोकांना आधी खेळायला मिळते, मित्रांमध्ये चर्चा झडतात. दोन वर्षे मनात मुरलेल्या वस्तूची किंमत पहिल्याच दिवशी वाढलेली असते, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. पेढीवर बसणारे वडील ज्या कौशल्याने सणाआधी गिऱ्हाइकाची उत्कंठा जोपासतात, तेच कौशल्य येथे त्यांच्याच मुलावर वापरले जाते. फक्त गिऱ्हाईक वयाने लहान असते आणि विक्रेता दिसत नाही.

इंडस हा प्रतिस्पर्ध्यांना बाद करीत टिकून राहण्याचा खेळ आहे. मुले ज्याची त्याहूनही आतुरतेने वाट पाहतात तो प्रकार अद्भुतकथेतील भूमिका घेऊन खेळण्याचा. त्यात खेळणारा एखादा योद्धा, धनुर्धर किंवा मांत्रिक होतो, विशाल कल्पित प्रदेशात फिरतो, अनुभव साठवून बळ वाढवतो आणि दूरदेशीच्या अनोळखी खेळाडूंसह मोहिमेवर निघतो. २००४ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने हा प्रकार जगभर रुजवला. त्या जगात लिलावघर आहे. काही खेळाडू तलवार बाजूला ठेवून वनस्पती आणि धातू स्वस्तात घेतात, महागात विकतात आणि त्यातच रमतात. रक्तातला व्यापार राक्षसांच्या राज्यातही सुटत नाही, असे कोणी म्हटले तर हसून मान्य करावे.

या खेळांकडे केवळ रिकामटेकडेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. चित्रकला, संगीत, कथा आणि गणित यांचे हे मोठे कारखाने आहेत. पुण्यातीलच नॉडिंग हेड्स या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा खेळ केला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ती कथा आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, संस्थापकांपैकी एकाने सदनिका विकून काम चालू ठेवले आणि २०२० मध्ये खेळ जगापुढे आला. जोखीम, भांडवल आणि चिकाटी यांची ही कहाणी कोणत्याही पेढीवर आदराने ऐकली जाईल. राजी एकट्याने खेळायचा खेळ आहे. तो विकत घ्यायचा, खेळायचा. कथा संपली की खेळ संपतो. घेणे-देणे तेथेच चुकते होते.

ऑनलाइन खेळाची वही अशी बंद होत नाही, आणि काळजीचे खरे कारण तेच आहे. २८ सप्टेंबर २०२० रोजी आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा चिनी खेळ फुकट मिळतो. त्यातील नवनवीन पात्रे मात्र एक प्रकारच्या सोडतीतून मिळतात. सर्वोच्च दर्जाचे पात्र एका प्रयत्नात मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजारांत सहा. नव्वदाव्या प्रयत्नापर्यंत मात्र असे एक पात्र हमखास मिळते. प्रयत्नांसाठी लागणारी रत्ने खेळून साठवता येतात, पैसे मोजूनही घेता येतात. हे आकडे खेळातच जाहीर केलेले असतात, त्यामुळे फसवणूक म्हणता येत नाही. पण हजार पुड्यांत सहाच भरलेल्या असा माल आपल्या दुकानात कोणी ठेवील का, हा प्रश्न मुलासमोर ठेवण्यासारखा आहे. मुलांना हिशेब कळतो. तो त्यांच्यापुढे कोणी मांडत नाही.

कायदा येथे फार दूरवर सोबत करीत नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. ज्या पोशाखाचे वा पात्राचे पुन्हा रुपये होत नाहीत, त्याची खरेदी ही साधी उधळपट्टी ठरते. आणि उधळपट्टी थांबवणे हे पूर्वीपासून घराचेच काम. वेळेच्या मर्यादांचेही तसेच. ‘बीजीएमआय’ हा खेळ मे २०२३ मध्ये भारतात परतला तेव्हा अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तासांची सीमा घातली गेली. परंतु अशी सीमा नोंदवलेल्या वयावर चालते, आणि आजोबांच्या नावाचा फोन घरात असतोच.

जैन घरांना पटावरचा खेळ परका नाही. पर्युषणात ज्ञानबाजी खेळण्याची जुनी रीत होती. चौऱ्याऐंशी घरांचा पट, तळाशी नरकगती, माथ्यावर सिद्धशिला. पुण्याच्या शिडीने वर, पापाच्या सर्पमुखातून खाली. महाराष्ट्रातील मोक्षपट हा त्याचाच सगोत्री. तेथेही खेळाडू एक भूमिका घेतो, जीवाची. तेथेही कल्पित लोक आहेत, चढउतार आहेत, पुढच्या दानाची उत्कंठा आहे. मात्र त्या पटाला शेवटचे घर असते. तेथे पोहोचले की पट गुंडाळून मंडळी प्रतिक्रमणाला बसत. नव्या ऑनलाइन खेळात दर काही आठवड्यांनी नवा प्रदेश, नवे पात्र, नवा उत्सव येतो. शेवटचे घर मुद्दामच काढलेले नसते. मूल ‘एवढे संपवून उठतो’ म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते. संपण्याजोगे तेथे काही ठेवलेलेच नसते.

दुसरा प्रश्न हिंसेचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये रचलेल्या ‘यशस्तिलकचंपू’तील यशोधर राजाची कथा व्याख्यानांतून अनेकांनी ऐकली असेल. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि त्या संकल्पाचे फळ मायलेकांना तिर्यंचगतीतील जन्मोजन्मी भोगावे लागले. पिठात जीव नव्हता, भाव होता. मग पडद्यावरच्या शत्रूचे काय? घाईने उत्तर देणाऱ्यांनी थोडे थांबावे. राजाने ते मारणेच आहे असे मनाशी धरून शस्त्र चालवले होते. मूल नेम साधण्यात गुंतलेले असेल, किंवा मारण्याच्या रसात. दोन्ही अवस्था वेगळ्या आहेत आणि बाहेरून सारख्या दिसतात. शेजारी बसून चार-सहा वेळा खेळ पाहिल्यावाचून आईवडिलांना त्या ओळखता येणार नाहीत. बंदीचा हुकूम काढणे सोपे आहे. तेवढ्याने भाव बदलत नाही, जागा बदलते. मूल शेजारच्या घरी खेळते.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याची लक्षणे कडक आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे, आणि हे सामान्यतः वर्षभर टिकणे. दिवाळीच्या सुटीत दोन दिवस फोनला चिकटलेल्या मुलाला रोगी ठरवू नये. अभ्यास, जेवण आणि झोप यांचा क्रम महिनोन्‌महिने विस्कटला असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच नको.

म्हणून प्रकाशनाआधीचे दिवस मोलाचे. खेळ हाती आल्यावर घरात होते ते भांडण. त्याआधी बोलणी होऊ शकतात, कारण तेव्हा मुलाला होकार हवा असतो. त्याला विचारावे: कथा काय, कंपनी कोणती, पैसे कशाचे पडतात, अनोळखी लोकांशी बोलणे बंद ठेवता येते का? ज्या हौसेने ते सांगेल, त्यातच वडिलांना अर्धे कळून जाईल. दिवसाचा वेळ, चौविहाराआधीचे जेवण, परीक्षेचे आठवडे, पर्वतिथी यांचा करार कागदावर उतरवावा. व्यापारी घरात तोंडी व्यवहार टाळण्याचा धडाही त्यातून मिळेल. महिन्याला काही रक्कम द्यायचीच असेल तर ती ठरवून, त्याच्याच हाताने वहीत लिहवून द्यावी.

आणि दुकानाचा फोन या सगळ्यापासून वेगळा ठेवावा. टेंभुर्णीसारख्या बाजारपेठेत गल्ल्याजवळचा तोच फोन दिवसा गिऱ्हाइकांचे पैसे घेतो आणि रात्री मुलाच्या हाती जातो. धोका तेथे आहे. गूगल प्लेमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करावी. यूपीआयच्या ऑटोपेमध्ये एकदा मान्यता दिली की पंधरा हजार रुपयांपर्यंतचे पुढचे हप्ते पिन न मागता जाऊ शकतात. ती यादी महिन्यातून एकदा उघडून पाहावी. चुकून खरेदी झालीच तर गूगलकडे अठ्ठेचाळीस तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर खेळाच्या कंपनीचेच दार ठोठवावे लागते.