धुण्याची दोरी आणि आपण

धुणे हा काय लेखाचा विषय झाला, असे कुणी विचारील. वार्षिकांकाची सूचना फलकावर लागली की आपल्यातले लिहिणारे ‘युवक आणि राष्ट्र’, ‘साहित्य आणि समाज’ अशा भारदस्त विषयांकडे वळतात. त्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे म्हणणे इतकेच की, समाजशास्त्राच्या तासाला जात, श्रमविभागणी, स्त्रीपुरुषभेद हे शब्द आपण वहीत उतरवून घेतो आणि तेच शब्द रोज सकाळी ज्या दोरीवर ओले होऊन टांगलेले असतात, तिच्याकडे मात्र पाहत नाही.

वसतिगृहात राहणाऱ्यांना हे लवकर कळते. तिथे एकाच दोरीवर चार जिल्हे वाळत असतात. सिंधुदुर्गाकडची मुलगी कपडा घट्ट पिळून, झटकून, जिकडून वारा येईल तिकडे घालते. तिच्या गावी जून ते सप्टेंबर ऊन हा पाहुणाच असतो. हवेतच इतकी वाफ भरलेली असते की कपड्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाव नसतो. मग दोरी पडवीत येते, कधी चुलीच्या वर जाते, आणि शाळेचा गणवेश धुराचा वास घेऊन शाळेत जातो. नागपूरकडची मुलगी रंगीत कपडा उलटा करून घालते, कारण तिच्या उन्हाळ्यात कपडा वाळेल की नाही ही चिंता नसते. रंग टिकेल की नाही ही असते. लातूरकडची मुलगी साबणाचे पाणी फेकत नाही. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग पायपुसणी असा त्या बादलीचा प्रवास होतो आणि शेवटी ती संडासात ओतली जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या गावाने पाण्याची आगगाडी पाहिली, त्या गावच्या मुलीला कुणी कंजूष म्हणू नये. आणि मुंबईच्या चाळीत वाढलेली मुलगी? तिच्या घरी अंगणच नाही. दांडी छताला टांगलेली, आणि काठीच्या टोकाने साडी तिच्यावर अशी पसरायची की एक चुणी राहू नये.

या साऱ्या सवयी हवेने आणि पाण्याने घडवलेल्या आहेत. आपापल्या जागी त्या शहाण्या आहेत. दिवेलागणीच्या आत कपडे काढावेत, या आजीच्या नियमामागेही दव आणि किडे एवढा साधा हिशेब असणार. भांडण होते ते सवयीला संस्कार म्हणू लागलो की. ‘आमच्याकडे असे नसते हो!’ या एका वाक्यात किती तरी सुनांचे पहिले वर्ष गेले आहे.

पण सगळ्याच सवयी हवापाण्याच्या पोटी जन्मल्या नाहीत. जुन्या सोवळ्याच्या घरात धुतलेले लुगडे वा धोतर उंच दांडीवर काठीने टाकत. त्याला कुणी शिवायचे नाही. घरातल्या लहान मुलाचा हात लागला तरी ते ओवळे होई. उलट रेशमी कद किंवा मुकटा रोज धुतला नाही तरी सोवळ्याला चाले. आता मळ पाहिला तर धुतलेल्या सुती कपड्याला बोट लावल्याने काय बिघडते, आणि घामाने भिजलेला कद न धुता कसा चालतो? याचा अर्थ इतकाच की, शुद्धता आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि आपण त्यांची गल्लत करत आलो. स्वच्छता डोळ्यांना, नाकाला आणि आता सूक्ष्मदर्शकाला दिसते. शुद्धता मात्र कोण कुणाला शिवले यावर ठरत असे.

याची सर्वात मोठी किंमत परिटाने मोजली. गावगाड्यातला हा बलुतेदार. दुसऱ्याचा मळ आपल्या हातांनी काढायचा आणि त्याच कामापायी खालची पायरी पत्करायची, असा हा व्यवहार होता. त्याने धुऊन आणलेला कपडा कर्मठ घरात सोवळ्याला चालत नसे! त्याच्या विद्येकडे मात्र कुणी पाहिले नाही. शेकडो घरांचे कपडे एकत्र धुताना अदलाबदल होऊ नये म्हणून बिब्ब्याच्या तेलाने प्रत्येक घराची खूण कपड्याच्या कोपऱ्यावर घातली जाई. ती खूण कितीही धुतले तरी जात नाही. मुंबईच्या महालक्ष्मी घाटावर दोन पदरी पिळाच्या दोरीत कपड्याचे टोक खोचून तो चिमट्याविना वाळवतात. ही अक्कल कोणत्या पुस्तकात शिकवतात? १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेबाबांनी पुढे हातात खराटा घेतला आणि गावेच्या गावे झाडून काढली. समाजाने ज्याच्याकडे आपला मळ सोपवला, त्याच्याच घरातून स्वच्छतेचा सर्वात मोठा शिक्षक यावा, यावर आपण पुरेसा विचार केलेला नाही.

मग काळ बदलला. रिठा मागे पडला, धुण्याचा सोडा आणि साबणाची वडी आली. १९५९ साली भारतात सर्फची पावडर आली. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी स्वस्तातली निरमा काढली आणि पावडर साध्या घरांतही पोचली. पुढे यंत्र आले. परंतु यंत्र आले म्हणजे धुणे संपले असे समजणाऱ्याने कधी धुणे केलेलेच नसावे. कपडे गोळा करणे, खिसे तपासणे, रंग जाणारे वेगळे काढणे, वाळत घालणे, पावसाचा थेंब पडताच धावत जाऊन काढणे, घड्या घालणे, ज्याचे त्याच्या कपाटात ठेवणे यातले एकही काम यंत्र करत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आढळले की, घरातली बिनमोबदला कामे दिवसभरात ८१ टक्के स्त्रिया करतात, पुरुष २६ टक्के. आणि जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७. म्हणजे यंत्राने आईच्या हाताचे श्रम हलके केले असतील. ते काम कुणाचे, हा प्रश्न त्याने सोडवला नाही.

आता दोरीकडे पुन्हा नीट पाहा. पुढच्या दोरीवर, भर उन्हात, पुरुषांचे सदरे आणि पायजमे. मागच्या दोरीवर साड्या आणि परकर. आणि त्या परकराच्या किंवा टॉवेलच्या खाली, कुणाला दिसू नयेत असे, घरातल्या मुलीबाळींचे आतले कपडे. ज्या कपड्याला उन्हाची सर्वात जास्त गरज, त्याच्या वाट्याला सर्वात कमी ऊन! मासिक पाळीचे कापड तर याहूनही आत, मोरीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, माळ्यावर, अर्धे ओलेच राहते. डॉक्टर सांगतात की, सुती कापड वापरण्यात गैर काही नाही. ते साबणाने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवले पाहिजे. दमट राहिलेल्या कापडात जंतू वाढतात आणि त्वचेचे व जननमार्गाचे विकार बळावतात. सदऱ्याला ऊन न मिळाले तर फार तर कुबट वास येईल. इथे मुलीचे आरोग्य जाते. पुष्कळ सुशिक्षित घरांतही हे असेच चालते आणि यावर एक अक्षर बोलले जात नाही, याला मी संस्कार म्हणायला तयार नाही.

कुणी म्हणेल, ‘अहो, पण लाज म्हणून काही असते की नाही?’ असते. रस्त्यावरच्या दोरीवर सारे मांडावे असे माझेही म्हणणे नाही. कठड्याआडच्या गच्चीत, मागच्या परसात आडोसा करून ऊन देता येते. आडोसा आणि अंधार यांत फरक आहे. आडोसा माणसाचा मान राखतो. अंधारातून मुलगी एवढेच शिकते की आपल्या शरीराचे जे आहे ते घाण आहे.

दुसरे कुणी म्हणेल की, आमच्याकडे धुण्याला बाई येतात, त्यांना काम मिळते, तुमचे काय जाते? काम मिळते हे खरेच. पण सोड्याच्या पाण्याने त्यांच्या बोटांना पडलेल्या भेगा आपण पाहिल्या आहेत का? पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला, तेव्हा अनेक घरांना पहिल्यांदा कळले की धुणे आपोआप होत नसते. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला २००८ साल उजाडावे लागले. ज्या घरी धुण्याला बाई आहेत, तिथे योग्य पगार, हक्काची रजा आणि हाताला सोसेल असा साबण एवढे तरी असावे. आणि स्वतःचे आतले कपडे दुसऱ्याकडून धुऊन घेण्याची सवय, मग तो दुसरा पगारी असो की जन्मदात्री आई, माणसाला शोभत नाही.

म्हणून मला तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, दहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाने, मुलगा असो वा मुलगी, स्नानाच्या वेळीच आपले आतले कपडे धुऊन, पिळून, वाळत घालून बाहेर यावे. पाच मिनिटांचे काम आहे. दुसरी, घरातल्या दोरीवरच्या उन्हाची वाटणी नव्याने करावी. जाड सतरंजीपेक्षा आणि वडिलांच्या सदऱ्यापेक्षा पाळीच्या कापडाचा हक्क आधी. तिसरी गोष्ट आपल्या प्राध्यापकांसाठी आणि संस्थाचालकांसाठी. मुलींचे वसतिगृह बांधताना खाटा किती हे मोजतात, तसेच ऊन येणारी, आडोसा असलेली गच्ची आणि पुरेशा दोऱ्या आहेत का, हेही मोजावे. नकाशात त्याची जागा नसेल तर तो नकाशा अपुरा आहे.

बाकी कुणी रात्री धुवावे की पहाटे, आपटून की घासून, नीळ घालावी की न घालावी, सदरा कॉलरने टांगावा की शेपटाने, यावर खुशाल वाद चालू द्यावा. त्या वादात गंमत आहे आणि थोडी माहेरची आठवणही. सवय कोणतीही असो, तिला दोन प्रश्न विचारावेत : कपडा खरोखर स्वच्छ झाला का? आणि तो स्वच्छ होताना कुणाच्या पाठीवर, कुणाच्या आरोग्यावर, कुणाच्या मानावर बोजा पडला? या प्रश्नांना जी सवय टिकेल ती खुशाल मुलाबाळांना द्यावी. जी टिकणार नाही ती आजीची असली तरी सोडून द्यावी.