अधिक श्वासाचा विकार

श्वास कमी पडण्याचा विकार घरोघरीं परिचयाचा आहे. परंतु श्वास अधिक झाल्यामुळें एखादें यंत्र आजारी पडतें, हें आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, आणि तेंही भर रस्त्यावर, समजलें.

आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत सर्व अक्का म्हणतात, आठवड्यांतून दोन वेळां रक्तशुद्धीसाठीं दर्यापुराहून अमरावतीस जातात. पुतण्या गाडी चालवितो, आम्ही सोबतीस असतों. चैत्रांतील एका सकाळीं वलगांवच्या अलीकडे सरकीच्या पोत्यांनीं भरलेल्या मालमोटारीस मागें टाकण्यासाठीं त्यानें जोर केला. गाडी झेपावली, आणि मालमोटारीच्या बरोबरीस येतांच तिचा दम एकदम गेला. समोरून एस. टी. येत होती. पुतण्यानें प्रसंगावधान राखून गाडी मागें घेतली, म्हणून हा लेख लिहावयास आम्ही आहों. कडेला थांबून किल्ली बंद करून पुन्हां फिरविली, तेव्हां शक्ति परत आली. समोरच्या फळीवरील पिवळा दिवा मात्र तसाच राहिला.

पंधरवड्यांत हाच प्रकार आणखी तीनदां घडला. शहरांतील एका कार्यशाळेंत तपासणीचें यंत्र जोडलें, त्यांतून 'पी ०२३४' हा अंक निघाला, आणि पांच मिनिटांत निकाल मिळाला कीं टर्बो बदलावा, खर्च ६०,००० रुपये. रात्रीं घरीं बैठक बसली. धाकट्या बंधूंचें म्हणणें, पैसे टाकावे व मोकळें व्हावें. वहिनींचें म्हणणें, गाडीच विकावी. पुतण्या म्हणाला, "काका, किल्ली बंद-चालू केली कीं होतें ठीक, मग एवढा खर्च कशाला?" तिघांचेंही म्हणणें आम्हांस पटलें नाहीं, विशेषतः शेवटचें.

माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. कार्यशाळेनें रूप तेवढें पाहिलें व औषध लिहून दिलें. 'पी ०२३४' याचा अर्थ इतकाच कीं, गाडींतील गणकयंत्रानें हवेचा जितका दाब मागितला त्याहून अधिक आढळला. तो कां अधिक झाला, हें त्या अंकांत नाहीं. किल्ली फिरवून जो गुण येतो त्यासही उपशय म्हणतां येत नाहीं. गणकयंत्र त्या वेळेपुरता आपला लगाम सैल करतें, एवढेंच. उरली संप्राप्ति, म्हणजे दोष कोणत्या मार्गानें वाढला तें. त्यासाठीं टर्बोची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुरानें एक चक्र फिरतें. त्याच दांड्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. हीं चक्रें मिनिटास एक लाखाहूनही अधिक फेरे घेतात. हवा अधिक आली कीं इंधन अधिक जाळतां येतें, इंधन अधिक तर धूर अधिक, आणि धूर अधिक तर पुन्हां हवा अधिक! अशा रचनेस लगाम नसेल तर चक्रांची गति व इंजिनांतील दाब दोन्हीं हाताबाहेर जातील. म्हणून दाब मर्यादेबाहेर गेला कीं गणकयंत्र इंधन तोडतें. वलगांवपाशीं गाडीचा दम गेला तो रोग नव्हता, रोगापासून केलेलें रक्षण होतें. तें नेमकें अवेळीं झालें.

आमच्या वयाच्या दर्यापूरकरांस बनोसा स्थानकावरील शकुंतला आठवत असेल. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें (आतां ती गाडीच थांबली आहे). वाफेचा दाब वाढला कीं झडप आपोआप उचलून फुत्कार सोडी, आणि आम्ही मुलें कानांवर हात ठेवीत असूं. टर्बोच्या एका जातींत लगाम असाच असतो. दाबलेली हवा एका बारीक नळीनें डबींतील पडद्यावर येते, पडदा दांडी ढकलतो, दांडीनें एक दार उघडतें, व जादा धूर चक्रास वळसा घालून निघून जातो. त्या दारास वेस्टगेट म्हणतात. दुसऱ्या जातींत चक्राभोंवतीं हलत्या पाकळ्या असतात. त्या मिटत आल्या कीं वाट अरुंद होऊन धुराचा वेग वाढतो, उघडल्या कीं कमी होतो. स्कॉर्पिओस २००८ सालीं मिळालेलें एमहॉक इंजिन या जातीचें. पाकळ्यांची दांडी अनेक गाड्यांत निर्वातानें, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेंत व्हॅक्यूमनें, ओढली जाते. कांहींत विजेची मोटर असते.

आतां गंमत पाहा. पहिल्या जातींत ती बारीक नळी फाटली तर पडद्यास दाब पोंचत नाहीं, दार मिटलेलेंच राहतें, व हवा अधिक होते. दुसऱ्या जातींत व्हॅक्यूमची नळी फाटली तर पाकळ्या उघड्याच राहतात, व हवा कमी पडते. नळी फाटण्याचा दोष एकच, पण रोग परस्परविरुद्ध! गाडी कोणत्या जातीची हें न विचारतां नळ्या बदलणारा मिस्त्री म्हणूनच फसतो.

आमची गाडी पाकळ्यांची, निर्वातावर चालणारी. दर्यापुरांत आमचा एक जुना विद्यार्थी मिस्त्रीचें काम करतो, त्याच्याकडे गेलों. तो म्हणाला, "गुरुजी, टर्बो मंग पाहू जी. पहिले हे सांगा, लाइट गावात बी लागते का फक्त जोर देल्यावर?" फक्त जोर दिल्यावर, आम्ही सांगितलें. त्यानें इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरविली व दाबाचा आंकडा पाहिला. इंजिन बंद असतां तेथें बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे सुमारें एक बार, दाब दिसला पाहिजे, तसाच दिसला. दाब मोजणारा भाग खोटें बोलत नव्हता. मग गाडी रस्त्यावर काढून त्यानें मागितलेला व मिळालेला असे दोन्ही आंकडे पुतण्याकडून वाचविले: मागणी १.९, मिळाला २.४. दाब खरोखरीच अधिक होता. परत येऊन दांडीच्या डबीस हातपंपानें व्हॅक्यूम दिला. दांडी न अडखळतां शेवटपर्यंत गेली, सोडतांच मागें आली. म्हणजे पाकळ्या काजळीनें अडकलेल्या नव्हत्या. नळ्या शाबूत होत्या. उरली मधली विजेची झडप, सोलेनॉइड. दांडी मागें सोडावयाची झाली कीं ही झडप डबींत बाहेरची हवा घेते, आणि ती हवा एका नखाएवढ्या गाळणींतून येते. उन्हाळ्यांत आमच्या खारपाणपट्ट्यांतील काळी माती पिठासारखी उडते. तेलाच्या वाफेबरोबर तिचा लेप बसून ती गाळणी बुजली होती. निर्वात वेळेवर सुटेना, पाकळ्या मिटलेल्या राहत, दाब चढे. "टर्बो चांगला हाय जी, ह्याच्या नाकात माती गेली," तो म्हणाला.

नवी गाळणी घालून पुन्हां तोच रस्ता, तोच जोर. मागणी १.९, आणि कांटा तेथेंच स्थिर. यास मात्र उपशय म्हणावें.

दांडी अडखळली असती तर गोष्ट निराळी. सदोदित गांवांतल्या गांवांत सावकाश फिरणाऱ्या गाडीच्या पाकळ्यांवर काजळी धरते. मग टर्बो उतरवून साफ करावा लागतो, आणि तरीही कित्येकदां नवा घ्यावा लागत नाहीं. कांहीं लोक शक्ति वाढवून देतों म्हणून गणकयंत्राची आज्ञाच बदलतात. तसें केलेलें असेल तर प्रथम तें मिस्त्रीस सांगावें, लाजूं नये. दांडीच्या टोकाचा मर्यादेचा स्क्रू मात्र कोणासही फिरवूं देऊं नये. ज्यांची गाडी आमच्यासारखी आहे त्यांनीं इंजिन थंड असतां झांकण उघडावें, एकानें तें सुरू करावें व दुसऱ्यानें दुरून दांडी पाहावी: सुरू होतांच ती ओढली जाते, बंद करतांच सैल सुटते. पदर, उपरणें व मुलें पट्ट्यापासून लांब ठेवावीं.

मिस्त्रीनें ३०० रुपये घेतले, तेही आग्रहानें. त्यास आतां तीन महिने झाले. दिवा पुन्हां लागला नाहीं, पण अक्का अजून वलगांव आलें कीं पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरतात. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची धूळ सुरू होण्यापूर्वीं गाळणी एकदां उघडून पाहावी, असें मिस्त्रीनें सांगितलें आहे; वहिनींनीं तें दिनदर्शिकेवर लिहून ठेविलें आहे.